संधिवाताची गोळी आठवड्यातून एकदाच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सकाळी दोन्ही हातांची बोटे तास-तास उघडत नाहीत, मनगटे सुजतात, पाण्याचा गुंड उचलवत नाही, कापूस वेचताना बोंडावर बोट टेकत नाही. असे महिनाभर चालले तर तो नुसता थकवा नव्हे, आमवात (रुमेटॉइड आर्थ्रायटिस, संधिवाताचा एक प्रकार) असू शकतो. डॉ. अरविंद चोप्रा व सहकाऱ्यांनी १९९६ साली पुणे जिल्ह्यातल्या भिगवणमध्ये घरोघरी पाहणी केली, तेव्हा सुमारे ०.५ टक्के प्रौढांत हा आजार आढळला. दोन हजार प्रौढांच्या गावात हे दहाएक रुग्ण झाले.

अशा रुग्णांना बहुधा मेथोट्रेक्सेट हे औषध सुरू केले जाते. औषध उत्तम आहे, स्वस्त आहे, पण ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे. बीपी-शुगरच्या गोळ्या रोज घेणारे हीसुद्धा रोज घेतात. दुष्परिणाम कमी व्हावेत म्हणून सोबत दिलेली फॉलिक अ‍ॅसिडची गोळीही बहुतेक वेळा तशीच, लहान नि पिवळी. दुकानात कात्रीने स्ट्रिप कापली की नाव दुसऱ्या तुकड्यावर जाते आणि दोन्ही गोळ्या एकाच पाकिटात पडतात. शिवाय २.५ मिलिग्रॅमच्या चार गोळ्या लिहिलेल्या असताना १० मिलिग्रॅमची स्ट्रिप दिली गेली, तर पोटात एकदम ४० जातात.

रोज घेतली तर थोड्याच दिवसांत तोंड आतून सोलते, भाकरीचा घास गिळवत नाही, मग ताप येतो. घरचे ‘उष्णता झाली’ म्हणून सब्जा देतात; तिकडे अस्थिमज्जेत रक्तपेशी तयार होणे थांबत असते. गोळी तत्काळ बंद करावी, त्याच दिवशी सीबीसी (रक्तपेशी मोजणारी तपासणी) करावी आणि मेथोट्रेक्सेटवरचा उतारा असलेले ल्युकोव्होरिनचे इंजेक्शन असेल अशा रुग्णालयात न्यावे. फॉलिक अ‍ॅसिडने तिथे भागत नाही. मेथोट्रेक्सेट जे एन्झाइम अडवते, त्याच्यावाचून फॉलिक अ‍ॅसिड शरीराला वापरताच येत नाही.

लघवीच्या जंतुसंसर्गावर सर्रास दिले जाणारे को-ट्रायमोक्साझोल या गोळीसोबत अजिबात नको. त्यानेही रक्तपेशी झपाट्याने घटतात. मूल हवे असेल तर गोळी आधीच बंद करावी लागते, म्हणून डॉक्टरांना अगोदर सांगावे. गुण यायला सहा-आठ आठवडे लागतात. तिसऱ्या आठवड्यात कंटाळून पांढऱ्या पुड्यांकडे वळू नये. अशा पुड्यांत अनेकदा स्टेरॉइड असते. दुखणे दोन दिवसांत थांबते, पण सांधे झिजतच राहतात.

औषध दुकानदारांना कळकळीची विनंती: ही गोळी वेगळ्या पाकिटात द्या, चार आठवड्यांपेक्षा जास्त देऊ नका आणि पाकिटावर वाराचे नाव ठळक लिहा. गावचा आठवडी बाजार ज्या वारी, तोच गोळीचा वार ठरवला तर अक्षरओळख नसलेल्या म्हाताऱ्या बाईलाही तो चुकत नाही. फॉलिक अ‍ॅसिड दुसऱ्या वारी.

— ग्रामीण भागातील काही औषधनिर्माते (फार्मासिस्ट), जि. यवतमाळ