अर्धे बिल क्षेत्रफळावर का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गृहनिर्माण सोसायट्यांमध्ये प्रत्येक सदनिकेला पाण्याचा स्वतंत्र मीटर असावा, या मागणीवर आपल्या पत्रस्तंभात गेले काही दिवस चर्चा चालू आहे. त्यातल्या दोन-तीन पत्रलेखकांनी ‘युरोपात तर घर गरम ठेवण्याचा खर्चसुद्धा ज्याचा त्याला मोजून द्यावा लागतो’ असा दाखला दिला आहे. जर्मनीतल्या श्टुटगार्ट शहरात मी चौदा वर्षे भाड्याच्या घरात राहतो आहे आणि हे बिल दर वर्षी भरतो आहे. दाखला चुकीचा नाही, पण अपुरा आहे, आणि जो भाग सांगायचा राहिला तोच आपल्या सोसायट्यांच्या अधिक उपयोगाचा आहे, असे वाटल्यामुळे हे पत्र लिहितो.

इथल्या बऱ्याच इमारतींत तळघरात एकच बॉयलर असतो, किंवा शहराच्या सामाईक वाहिनीतून उष्णता येते, आणि तापलेले पाणी नळांतून खोलीखोलीत ऊब देणाऱ्या रेडिएटरपर्यंत जाते. जुन्या इमारतींत हे नळ उभे गेलेले असतात. एक नळ वरपासून खालपर्यंत सगळ्या स्वयंपाकघरांतून, दुसरा सगळ्या शयनगृहांतून. त्यामुळे एकाच घरात उष्णता चार-पाच ठिकाणांहून शिरते आणि ‘घराचा मीटर’ बसवावा अशी एक नळी सापडतच नाही. यावर उपाय म्हणून प्रत्येक रेडिएटरवर एक छोटी डबी बसवतात. पूर्वी तिच्यात काचेची बारीक नळी असे. रेडिएटर जितका तापे तितका नळीतला द्रव उडून जाई आणि तो किती रेषा खाली गेला हे वर्षातून एकदा माणूस येऊन लिहून नेई. त्याच्या येण्याची चिठ्ठी जिन्यात लागली, की त्या दिवशी घरात कुणीतरी थांबणे भाग असे. आता डब्या इलेक्ट्रॉनिक झाल्या आहेत, त्या रेडिएटरचे आणि खोलीचे तापमान नोंदवतात आणि वाचन बहुतेक ठिकाणी रेडिओलहरींवर परस्पर जाते.

ही डबी विजेच्या मीटरसारखी नाही, हे मात्र इथे राहणाऱ्या आपल्या लोकांनाही पुष्कळदा माहीत नसते. ती युनिट मोजत नाही. इमारतीत एकूण जी उष्णता वापरली गेली तिच्यात या रेडिएटरचा वाटा कितवा, एवढेच ती सांगते. समजा, एकूण सहाशे चौरस मीटरच्या इमारतीचा वर्षाचा खर्च १२,००० युरो आहे आणि तो अर्धा क्षेत्रफळावर, अर्धा डब्यांच्या आकड्यांवर वाटायचा आहे. सगळ्या डब्यांची बेरीज ६,००० आली, तर एका आकड्याला एक युरो पडतो. माझे घर ८० चौरस मीटरचे आणि माझा आकडा १,००० असेल, तर मला क्षेत्रफळाचे ८०० अधिक डब्यांचे १,००० असे १,८०० युरो द्यावे लागतील. पुढच्या वर्षी मी काटकसर करून आकडा ९०० वर आणला, शेजाऱ्यांनी माझ्याहून जास्त काटकसर केली आणि बेरीज ४,००० झाली. पण बॉयलरमधून व नळांतून वाया जाणारी उष्णता काही कमी होत नाही, म्हणून एकूण खर्च मात्र १०,००० पर्यंतच उतरला. आता एका आकड्याला सव्वा युरो पडेल आणि माझे बिल होईल सुमारे १,७९२ युरो. वर्षभर घरात स्वेटर घालून बसल्याचे फळ आठ युरो! यात कुणीही लबाडी केलेली नाही. असाच अनुभव मी स्वतः एकदा घेतला आणि हिशेबाच्या कागदांशी दोन संध्याकाळी भांडल्यावर मला तो समजला.

खर्चवाटपाचा जर्मन नियम १९८१ सालचा आहे. १९७३ आणि १९७९ च्या तेलसंकटांनंतर इंधन वाचवण्यासाठी तो आला. त्यानुसार हीटिंगच्या खर्चाचा किमान ५० आणि कमाल ७० टक्के भाग प्रत्यक्ष वापरावर वाटायचा आणि उरलेला ३० ते ५० टक्के भाग घराच्या क्षेत्रफळावर किंवा घनफळावर. घरमालकाने वापराप्रमाणे हिशेब दिलाच नाही, तर भाडेकरू आपल्या वाट्यातून १५ टक्के कापून घेऊ शकतो. म्हणजे मीटरच्या बाबतीत इतक्या काटेकोर देशानेही शंभर टक्के खर्च मीटरवर टाकलेला नाही. हे सरकारी तडजोडीतून झाले असेल, असे मला सुरुवातीला वाटत होते. पुढे कळले की त्याचे कारण भिंतींत आहे.

उष्णता भिंत ओलांडते. मधल्या मजल्यावरच्या घराला वरून, खालून आणि दोन्ही बाजूंनी शेजाऱ्यांची ऊब मिळते. छपराखालचे किंवा कोपऱ्यावरचे घर तेवढ्याच आरामासाठी कितीतरी अधिक इंधन खाते, आणि त्यात तिथल्या माणसाचा काही दोष नसतो. आमचे घर मधल्या मजल्यावर आहे. आम्ही डिसेंबरात पाच-सहा आठवडे पुण्याला येतो आणि निघताना सगळे रेडिएटर बर्फाच्या चांदणीच्या खुणेवर, म्हणजे नळ गोठू नयेत एवढ्यापुरते, ठेवून येतो. परतल्यावर घर गारठलेले असेल अशी तयारी ठेवावी, तर थर्मामीटर सोळा अंश दाखवतो. ती ऊब कुणीतरी विकत घेतलेली असते. खालच्या घरातल्या आजींनी एकदा जिन्यात, अगदी सौम्य शब्दांत, सांगितले की आम्ही भारतात असलो की त्यांचा आकडा चढतो. पहिल्या वर्षी कमी आलेल्या बिलाचा मला जो अभिमान वाटला होता, तो त्या दिवशी उतरला. क्षेत्रफळावर वाटलेल्या त्या अर्ध्या भागात आजींची थोडी तरी भरपाई होते.

नळांची गोष्ट आणखी किचकट आहे. पूर्व जर्मनीतल्या तयार काँक्रीट-पटांच्या वसाहतींमध्ये उघडे, आवरण नसलेले नळ खोल्यांतून जातात आणि रेडिएटर बंद असला तरी खोली तापवत राहतात. या उष्णतेचा फारच थोडा भाग डबीला कळतो. मग नोंदले गेलेले थोडेसे आकडे भलतेच महाग होतात. ज्याच्या घरात नळ कमी, त्याने रेडिएटर लावला की तो भरडला जातो. असा हिशेब दुरुस्त करण्यासाठी इथे अभियंत्यांची वेगळी तांत्रिक पद्धत करावी लागली आहे.

मोजणीलाही पैसे पडतात. डब्यांचे भाडे, वाचन आणि हिशेब हे सगळे त्याच बिलात येते. कंपनी निवडतो घरमालक आणि पैसे देतो भाडेकरू, त्यामुळे स्वस्त कंपनी शोधण्याची तळमळ कुणालाच नसते. जर्मनीच्या स्पर्धा-नियामक कार्यालयाने २०१७ च्या अहवालात या बाजारात मोजक्याच कंपन्यांचा वरचष्मा असल्याचे म्हटले होते. युरोपीय संघाच्या २०१२ च्या निर्देशाने स्वतंत्र मोजणी सर्वत्र आणायचे ठरवले, पण जिथे ती तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही किंवा खर्चाला परवडत नाही तिथे सूटही ठेवली. स्वीडनमध्ये हीटिंग बहुधा भाड्यातच धरलेले असते. तिथल्या गृहनिर्माण मंडळाने हिशेब मांडून सरसकट सक्ती परवडणारी नाही, असाच निष्कर्ष काढला. थंडी स्वीडनमध्ये कमी नाही, तेव्हा हा निष्कर्ष आळसातून आला असे म्हणता येणार नाही.

माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा प्रश्न वेगळाच आहे: खर्च कमी करणे नेमके कुणाच्या हातात आहे? भाडेकरू रेडिएटरची चावी तीनवरून दोनवर आणू शकतो. तो खिडक्या बदलू शकत नाही, भिंतींना बाहेरून आवरण घालू शकत नाही, पंचवीस वर्षांचा बॉयलर काढू शकत नाही. २०२२ मध्ये गॅसचे दर भडकले, तेव्हा पुष्कळांनी भीतीने रेडिएटर बंदच ठेवले. बंद थंड खोलीत भिंती ओल धरतात आणि बुरशी येते; त्यातून आपल्या स्वयंपाकाची वाफ, कुकरच्या शिट्ट्या आणि तारेवर वाळणारे कपडे. बुरशी घरामुळे आली की राहणाऱ्यामुळे, यावरून मालक-भाडेकरूंचे वाद होतात ते वेगळेच. इथल्या सरकारने हा मुद्दा उशिरा का होईना ओळखला. इंधनावरचा कार्बन-आकार, म्हणजे ते जाळल्याने निघणाऱ्या कार्बन वायूबद्दलचा सरकारी आकार, २०२३ पासून मालक-भाडेकरूंमध्ये दहा टप्प्यांनी वाटला जातो: सर्वांत वाईट अवस्थेतल्या इमारतीत ९५ टक्के आकार घरमालकाने द्यायचा, सर्वांत चांगल्या इमारतीत सगळा भाडेकरूने. गेल्या काही वर्षांतला मला सर्वांत शहाणपणाचा वाटलेला नियम हाच. दूरवाचन होणाऱ्या डब्या २०२६ अखेरपर्यंत सगळीकडे बसवायच्या आहेत आणि त्या जिथे आहेत तिथे वापराची माहिती दर महिन्याला द्यावी लागते, ही सुधारणाही चांगली आहे. मात्र आम्ही घरी कधी असतो आणि कधी नसतो हे त्या आकड्यांवरून कुणालाही कळेल, हे माझ्या पत्नीला बिलकूल पसंत नाही.

आता आपल्याकडच्या पाण्याविषयी. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार पाणीपट्टी प्रत्येक सदनिकेतल्या नळांची संख्या आणि आकार पाहून वाटली जाते. घरात दोन माणसे राहतात की आठ, याचा तिथे संबंध येत नाही. म्हणून मीटरची मागणी रास्तच आहे. पण जुन्या इमारतींत गच्चीवरच्या टाकीतून स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि संडास यांसाठी वेगवेगळे उभे पाइप उतरतात, म्हणजे एका सदनिकेला तीन-चार मीटर लागतात. इथल्या रेडिएटरांची अडचण ती हीच. टाकी धुणे, पंपाची वीज, बागेचे पाणी, चोवीस तास ठिबकणारा सामाईक व्हॉल्व्ह आणि उन्हाळ्यातले टँकर यांचा खर्च कुठल्याही सदनिकेच्या मीटरवर उमटत नाही. म्हणून सोसायटीने वाटपाचे प्रमाण आधी सर्वसाधारण सभेत ठरवावे, मीटर-कंपनीचे वार्षिक शुल्क त्याच सभेत मंजूर करून घ्यावे, आणि मुख्य मीटरचा आकडा व सर्व सदनिकांच्या मीटरांची बेरीज यांतला फरक दर महिन्याला सूचनाफलकावर लावावा. तो फरक म्हणजे गळती. ती कुणाच्या तरी बिलात मुकाट्याने मिसळली, तर ती दुरुस्त करण्याची घाई कुणालाही होणार नाही.

या बाबतीत माझा स्वतःचा स्वार्थ कुठे आहे, तेही सांगायला हवे. कोथरूडमधला आमचा फ्लॅट वर्षातले अकरा महिने बंद असतो. सगळा खर्च मीटरवर टाकला, तर माझे पाण्याचे बिल जवळजवळ शून्यावर येईल आणि माझ्या नावचा टाकीचा, पंपाचा नि टँकरचा वाटा बाकीचे सभासद भरतील. मीटर बसवावेत, पण बंद सदनिकांकडूनही स्थिर आकार पूर्ण घ्यावा, असे पत्र मी आमच्या सोसायटीच्या सचिवांना पाठवले आहे. पुढच्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर ते आले आहे. ज्या सोसायट्यांनी मीटर बसवून दोन-तीन वर्षे झाली आहेत, त्यांच्या सभासदांनी बंद सदनिकांच्या बाबतीत काय ठरवले, हे याच स्तंभातून कळवले तर आमच्या सभेला त्याचा उपयोग होईल.

आपला नम्र,
एक वाचक, श्टुटगार्ट