एका गल्लीतले दोन पासपोर्ट

अशोक चौक,
सोलापूर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. ‘एकदा परदेशात गेले की गरीब-श्रीमंत काही उरत नाही, आपण सगळे आशियाई एकाच मापाने मोजले जातो,’ हे तुझे वाक्य मी दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा ते मला पटले नाही.

आपल्या गल्लीत विड्या वळणाऱ्या मावशींचा धाकटा तुला आठवत असेल. दहावीत दोनदा नापास झाला, काही वर्षे यंत्रमागावर राबला आणि शेवटी आखातात गेला. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टावर आपलेच सरकार ‘ईसीआर’ (एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड, म्हणजे जाण्यापूर्वी सरकारी तपासणी आवश्यक) छापते आणि 18 देशांत नोकरीसाठी जायचे तर त्याला वेगळी परवानगी काढावी लागते. हेतू त्याच्या संरक्षणाचा आहे, हे मान्य. पण तुझा आणि त्याचा रस्ता विमानात बसण्यापूर्वीच वेगळा झाला होता, हेही तितकेच खरे. तिथे पोचल्या दिवशीच मालकाने पासपोर्ट काढून घेतला. वडील वारले तेव्हा तो मागूनही मिळाला नाही. परत आल्यापासून तो पासपोर्ट चादरीच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून उशाखाली ठेवतो. मुदत संपली आहे, तरीही.

तुझा अमेरिकेतल्या नोकरीचा एच-वन-बी व्हिसाही मालकाशीच बांधलेला आहे, असे तू म्हणशील. खरे आहे. पण एच-वन-बीवाल्याची नोकरी गेली तर दुसरी शोधायला त्याला 60 दिवसांपर्यंत मुभा असते, शिवाय त्याच्याजवळ पदवी असते, शिल्लक असते, फोन करायला वर्गमित्र असतात. याच्याजवळ होते ते एजंटाचे कर्ज.

अमेरिकेने 1965च्या कायद्याने आशियाला दार उघडले, तेव्हा नातेवाइकांबरोबर डॉक्टर-इंजिनिअरांसारख्या शिकलेल्यांनाही प्राधान्य दिले. म्हणजे आधी चाळणीतून गाळून माणसे घ्यायची आणि मग ‘आशियाई लोक किती हुशार, किती कष्टाळू’ म्हणून कौतुक करायचे! आणि त्या आशियाईंमध्येही सगळे सारखे कुठे आहेत? प्यू रिसर्च सेंटरच्या 2018च्या अहवालानुसार अमेरिकेतल्या आशियाईंत वरच्या टोकाचे उत्पन्न खालच्या टोकाच्या 10.7 पट होते. इतकी दरी तिथल्या दुसऱ्या कोणत्याही मोठ्या गटात नव्हती.

आपल्याला हे नवीन नसावे. तेलंगणातून आपली पद्मशाली विणकर माणसे पोटासाठी याच सोलापुरात आली. एकच भाषा, एकच दैवत मार्कंडेय, नारळी पौर्णिमेला ओढायचा रथही एकच. पण दुसऱ्या दिवशी सकाळी एकजण कारखान्याचे कुलूप उघडतो आणि दुसरा त्याच्याच मागावर उभा राहतो. तुझे आजोबा कोणत्या बाजूला होते आणि माझे कोणत्या, हे आपण दोघेही जाणतो. त्यामुळे आपल्या मैत्रीत कधी अंतर पडले नाही, मात्र इंजिनिअरिंगची फी भरताना ते दिसले होते.

तू दर शनिवारी ज्या हॉटेलात डोसा खातोस, तिथे आत भांडी घासणारा कोणत्या गावचा आहे, कसा आला, कुठे राहतो, हे एकदा विचारून मला कळव. शेंगाचटणी आणि कडक भाकरी तुझ्या मेहुण्यांबरोबर पाठवली आहे.

तुझा,
अण्णा