सोनेरी पॅगोड्यातली कोठडी

चि. बाळास,

१० दिवस माझा फोन लागला नाही, म्हणून रागावू नकोस. शिबिराला बसताना फोन कार्यालयात जमा करावा लागतो, हे मी निघताना तुला सांगितलं होतं. तू तेव्हा मोबाईलमध्येच डोकं घालून बसला होतास.

इगतपुरीच्या धम्मगिरीला, म्हणजे विपश्यना ध्यानाच्या केंद्रात, २२ वर्षांनी गेले. तुझे आजोबा दर उन्हाळ्यात तिथे १० दिवस बसायचे. अकराव्या दिवशी सकाळी त्यांना आणायला मी आईचा हात धरून फाटकापाशी उभी. लांबून सोनेरी पॅगोडा दिसायचा. वाटायचं, बाबा आत सोन्याच्या खोलीत राहतात! आणि ९ दिवस मौनात काढलेला माणूस गंभीर होऊन येईल म्हणावं, तर परतीच्या वाटेवर त्यांच्या तोंडाची टकळी थांबायची नाही.

या वेळी त्याच पॅगोड्यात मला शून्यागार, म्हणजे एकट्याने ध्यानाला बसायची खोली, मिळालं. सोनं कसलं, कपाटाएवढी अंधारी कोठडी. बाकी सगळं होतं तसंच. पहाटे ४ ला घंटा, पहिले तीन दिवस नुसता श्वास बघायचा, चौथ्या दिवशी विपश्यना, म्हणजे अंगावरच्या संवेदना नुसत्या बघायच्या. मग दिवसातून तीनदा तासभर हात-पाय हलवायचे नाहीत, डोळे उघडायचे नाहीत. त्याला अधिष्ठान म्हणतात. माझे गुडघे दुसरंच काही म्हणत होते. संध्याकाळी ५ वाजता नव्या साधकांना फळं, आधी शिबिर केलेल्या आम्हा जुन्यांना लिंबूपाणी. शेजारणीच्या केळ्याकडे मी किती समतेने पाहिलं, ते विचारू नकोस.

ही साधना शिकवणारे गोयंका गुरुजी २०१३ मध्ये गेले, पण सूचना आणि प्रवचनं अजून त्यांच्याच आवाजात लावतात. तो खर्ज आजोबा घरी हुबेहूब काढायचे. म्हणून तर आजोबा गेल्यापासून मी तिकडे जायचं टाळत होते. नवव्या दिवशी शून्यागारात रडू आलं. थोड्या वेळाने थांबलं, आणि लक्ष पुन्हा डाव्या गुडघ्याकडे गेलं. साक्षात्कार वगैरे काही नाही. मला तेच बरं वाटलं.

एक सांगायचं राहिलं. प्रवेशाच्या फॉर्मवर अडीअडचणीला कुणाला कळवायचं, त्याचा रकाना असतो. मागच्या वेळी तिथे आजोबांचा नंबर होता. या वेळी पेन जरा अडलं, मग तुझा लिहिला. तेव्हा १० दिवस तिथून तुला कुणाचा फोन आला नाही, म्हणजे आई ठणठणीत होती.

रविवारी ये.

तुझी,
आई