पळाचा रस्ता गुपित नसते, काकाजी

काकाजी, सा. न. वि. वि.

समोर येऊन आभार मानले की तुम्ही चिडता. "लग्नाची पत्रिका हाये का हे," म्हणता अन् विषय बोंडअळीवर नेऊन ठेवता. म्हणून चारचौघांत लिहितो आहे. नाव घालत नाही, तेवढा तुमचा हुकूम पाळतो. आपल्या गावात ज्याला कळायचं त्याला 'सुभेदार' म्हटल्याबरोबर कळेलच.

३०-३१ मे २०१६ ची ती रात्र. आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडारात, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या तोंडच्या डेपोत, आग लागली. रात्री एकचा सुमार असेल. आधी आभाळ लाल झालं, मग घराची कवाडं हलली. लोक लेकरं काखेत घेऊन निघाले, पण जायचं कुठं हे कोणालाच माहीत नव्हतं. कोणी आर्वीकडे, कोणी देवळीकडे, अन् कोणी तर घाईत आगीच्याच दिशेनं. मी मात्र घराच्या धाब्यावर, म्हणजे छतावर, चढून मोबाईलवर शूटिंग करत होतो. नुकताच एका पेपरचा वार्ताहर झालो होतो. छापून आलेल्या बातमीचे पैसे सेंटिमीटरवर मिळायचे आणि व्हिडिओचे काहीच नाही, तरी हौस दांडगी. तुम्ही खालून ओरडलात, "उतर बे! आधी मायले घे."

त्या आगीत दोन अधिकाऱ्यांसह १९ जण गेले. त्यात आग विझवायला आत शिरलेलेच जास्त होते. सकाळी तुम्ही माझा फोन मागितला आणि ओट्यावर बसून एकेक व्हिडिओ पाहिला. "आगीचा ठेव. लोक पळून राहिले, तो तर ठेवच. हा गेटचा पुसून टाक. हा गाड्यायचा पुस. कोन्त्या शेडवरून धूर निघून राहिला ते दिसते, तोही पुस." मला राग आला होता. फौजेतून निवृत्त झालेला माणूस फौजेचीच बाजू घेणार, असं मी मनात म्हटलं, आणि संध्याकाळी पारावर दोघांना बोलूनही दाखवलं. ते तुमच्या कानावर गेलं असणार. तुम्ही कधी काढलं नाहीत.

आठवड्यानं तुम्ही घरी बोलावून लोखंडी पेटीतली कात्रणांची वही दाखवलीत. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्याचं पान होतं. कमांडो कुठं उतरतात, कोण कुठं अडकलं आहे, हे आपले चॅनेल दाखवत होते आणि सीमेपलीकडे बसलेले लोक टीव्ही पाहून आतल्या अतिरेक्यांना फोनवर सांगत होते. कसाबच्या खटल्यात २०१२ साली सर्वोच्च न्यायालयानं त्या थेट प्रक्षेपणावर कडक ताशेरे ओढले. असल्या प्रक्षेपणाला अभिव्यक्ती स्वातंत्र्याचा आधार घेता येत नाही, असं म्हटलं. ते कात्रण लाल पेनानं अधोरेखित केलेलं होतं. तुम्ही एवढंच बोललात, "तुया व्हिडिओ मी पाहीन. पण पाहणारा मी एकटाच नसतो ना बाबू."

आता एक तक्रारही लिहून टाकतो, नाहीतर हे पत्र आरतीसारखं होईल. २० नोव्हेंबर २०१८ ला डेपोचा जुना दारूगोळा नष्ट करताना स्फोट झाला आणि सहा जण मेले. त्यांत आसपासच्या गावचे रोजीवर गेलेले मजूर होते. मी बातमी लिहायला बसलो, तेव्हा तुम्ही "दोन दिवस थांब" म्हणालात. मी थांबलो. काकाजी, ते थांबणं चुकलं. मजूर कोणामार्फत गेले, रोजी किती होती, विमा होता की नाही, यात शत्रूच्या उपयोगाचं काय होतं? हे त्याच दिवशी विचारायला पाहिजे होतं. मी हे तुम्हाला नंतर सांगितलं, तेव्हा तुम्ही बराच वेळ बिडी न पेटवता हातात धरून बसलात. मग म्हणालात, "खरं हाये. मी फौजेतल्या सवयीनं बोललो."

माझ्या मते आपली खरी दोस्ती तिथून सुरू झाली.

पुढची गोष्ट माहिती अधिकाराच्या अर्जाची. मी अर्ज टाकला: डेपोत पुन्हा काही झालं तर आपल्या गावानं कोणत्या रस्त्यानं निघायचं, कुठं जमायचं, गाड्या कोण पाठवणार, आणि याची तालीम शेवटची कधी झाली. अर्जाचा नमुना जोडपत्र 'अ', दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, सगळं रीतसर. कोणत्या कचेरीत टाकला ते इथं लिहीत नाही. तिथल्या साहेबांची बदली झाली आहे आणि आता भांडण उकरायचं नाही. उत्तर एका ओळीचं आलं: सदर माहिती राष्ट्रीय सुरक्षेशी संबंधित असल्याने कलम ८(१)(क) अन्वये देता येत नाही.

मी तो कागद चुलीत घालायला निघालो होतो. तुम्ही तो हातातून घेतला, दोनदा वाचला आणि हसलात. हसू बरं नव्हतं. "मी अठ्ठावीस वर्षं नोकरी केली. गुपित काय असते मले माहीत हाये. आत किती माल हाये ते गुपित. पळाचा रस्ता गुपित नसते. तो ज्याले पळाचं हाये त्यालेच सांगाचा नाही, तं कोणाले सांगाचा?"

मग दोन रात्री तुम्ही आणि मी बसलो. चष्मा नाकावर ओढून तुम्ही कायद्याचं पुस्तक वाचायचे आणि मी लिहायचो. माझ्या पहिल्या खर्ड्यात नुसतं 'लोकशाही', 'जनतेचा आवाज' वगैरे होतं. ते सगळं तुम्ही खोडलंत. अपिलात राहिलं ते कामाचं. नुसतं कलम लिहून चालत नाही, नकाराची कारणं द्यावी लागतात. कलम १० प्रमाणे कागदात काही भाग खरोखर गोपनीय असेल तर तेवढा झाकून बाकीचा द्यावा लागतो. कलम ८(२) प्रमाणे लोकांचं हित मोठं असेल तर १९२३ चा शासकीय गुपिते कायदासुद्धा आड येत नाही. आणि नकार बरोबर होता हे पटवण्याचं ओझं कलम १९(५) नं अधिकाऱ्यावर टाकलं आहे, अर्जदारावर नाही. हे शेवटचं मला तोवर माहीतच नव्हतं. वीस रुपयांचा स्टँप लावून तिसाव्या दिवसाच्या आत अपील दिलं.

सुनावणीला तुम्ही इस्त्रीचा सदरा घालून आलात. बोललात फक्त एकदा. साहेबांनी विचारलं की हा नकाशा बाहेर गेला आणि गैरवापर झाला तर? तुम्ही म्हणालात, "साहेब, डेपोचा नकाशा आम्ही मागतच नाही. आमच्या गावचा मागतो. तो बाहेरच हाये."

कागद मिळाले. दोन ओळी काळ्या केलेल्या होत्या. त्या वाचता येतात का म्हणून मी घरी येऊन कागद उन्हात धरला होता, हे आज कबूल करतो. आल्या नाहीत, आणि पुढं मी त्या मागितल्याही नाहीत.

पण उरलेल्या ओळींत काय निघालं! आपल्याला ज्या रस्त्यानं काढायचं ठरलं होतं, तो नाल्याच्या रपट्यावरून, म्हणजे ठेंगण्या पुलावरून, जातो. पावसाळ्यात त्या रपट्यावर कमरेइतकं पाणी असतं, हे गावातलं शेंबडं पोरगंही सांगेल. संपर्कासाठी जो नंबर होता, तो बदली होऊन गेलेल्या तलाठ्याचा. कागद कपाटात होता म्हणून ही चूकही कपाटातच सुरक्षित होती. बातमी छापली, ग्रामसभेत वाचून दाखवली, महिन्याभरात रस्ता बदलला आणि नंबरही. कोणत्याही शत्रूला यातून काडीचा फायदा झाला नाही.

२०२५ च्या मे महिन्यात, 'ऑपरेशन सिंदूर'च्या दिवसांत, तुमच्याकडे रोज संध्याकाळी यायचो. सैन्याच्या हालचाली थेट दाखवू नका, अशी सूचना केंद्रानं २६ एप्रिललाच माध्यमांना दिली होती. ती तुम्हाला पटली, आणि आता मलाही सांगावं लागलं नाही. व्हॉट्सॲपवर आलेले रेल्वेतल्या रणगाड्यांचे व्हिडिओ मी पुढं पाठवले नाहीत. पण सरकारनं आठ हजारांवर खाती बंद करायला सांगितली आहेत आणि बहुतेकांच्या बाबतीत कोणत्या मजकुरासाठी ते कळवलेलं नाही, असं एक्सनं जाहीर केलं, तेव्हा तुम्ही वही काढलीत. ५ एप्रिल २०२३ चं कात्रण. केरळच्या मीडिया वन वाहिनीचा परवाना सुरक्षेच्या नावाखाली अडवला होता, कारणं बंद लिफाफ्यात फक्त न्यायाधीशांना दाखवली होती. सर्वोच्च न्यायालयानं ती बंदी रद्द केली. सुरक्षेचं कारण हवेतून काढता येत नाही, त्याला पुरावा लागतो, असं बजावलं. "फौजेत शिक्षा देतानाही आरोप वाचून दाखवतेत," तुम्ही म्हणालात. "ह्यायले तेवढंही नाही?"

आता माझ्याकडे तालुक्यातली दोन-तीन पोरं येतात. त्यांच्याजवळ माझ्यापेक्षा चांगले मोबाईल आहेत आणि माझ्याइतकीच घाई. व्हिडिओ टाकायच्या आधी मी फोन मागतो आणि ओट्यावर बसून पाहतो. काय पुसायचं ते सांगतो. आणि कोणी सुरक्षेचं नाव सांगून रिकाम्या हातानं परत पाठवलं, तर अपिलाचं जोडपत्र 'ब' काढून देतो. ती पोरंही मागं मला काहीबाही म्हणतच असतील.

ग्रामपंचायतीच्या भिंतीवर तुम्ही रंगवून घेतलेला रस्त्याचा फलक या पावसात पुसट झाला आहे. बाण दिसतो, अक्षरं गेली. रंगाचा डबा मी आणला आहे. काकूंना सांगा, रविवारी सकाळी येतो. आणि शिडी तुमच्याच गोठ्यात आहे.

तुमचा,
धाब्यावरून उतरवलेला वार्ताहर