रात्रपाळीतल्या बापासाठी

गोथेनबर्ग

चि. अभिजीत यास अनेक आशीर्वाद.

मनालीला आणि लेकीला गुहागरला ठेवून तू पुन्हा लोट्याच्या कंपनीत रुजू झालास, हे आईकडून कळलं. मनालीच्या खाण्यापिण्यापासून शेकशेगडीपर्यंत सगळं तिची आई बघतेय. तुझ्याकडे मात्र कोणी बघत नाही, म्हणून हे पत्र.

बाळंतपणानंतरची उदासी फक्त आईला येते असं आपल्याकडे समजतात. दहातल्या साधारण एका बापालाही ती येते, आणि सगळ्यात जास्त येते ती बाळ तीन ते सहा महिन्यांचं असताना. म्हणजे बारसं आटपलेलं, पाहुणे पांगलेले, मनाली चिपळूणला परतलेली. स्वीडनमध्ये एका मुलामागे आईबापांना मिळून ४८० दिवसांची रजा आहे. त्यातले ९० दिवस बापाचेच, ते आईला देता येत नाहीत. तरीही इथल्या बालआरोग्य केंद्रात आईशी सहा-आठ आठवड्यांनी आणि बापाशी तीन ते पाच महिन्यांनी वेगळं बसून बोलतात. नुसत्या रजेने भागत नाही.

तुला तर कायद्याने ती रजाही नाही. केंद्र सरकारच्या नोकरांना १५ दिवस मिळतात. खासगीत कंपनीची मर्जी. तेव्हा वीस दिवसांच्या कामामागे एक अशी जी हक्काची रजा साठलीय, ती बारशाला उडवू नकोस. बारशाला एक दिवस पुरे. मनाली परत येईल तो आठवडा पूर्ण घे, कारण आईचा हात, मालिशवाली बाई आणि आयतं ताट हे तिन्ही तिला त्याच आठवड्यात एकदम सुटणार. शिवाय सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या लशींचा दुसरा दिवस मोकळा ठेव. लशीच्या रात्री बाळ तापतं, किरकिरतं, घरात कोणी झोपत नाही, आणि तशा डोळ्यांनी सकाळी परशुराम घाटात मोटरसायकल घालायची नाही.

रविवारी गुहागरला जाशील तेव्हा आंघोळ तू घाल. बापाची माया हाताने काम केल्यावरच जुळते, नुसतं बघून नाही. नाळ पडून जागा सुकली असेल तर टबात चार बोटं कोमट पाणी घे, कोपर बुडवून बघ. डावं मनगट तिच्या मानेखाली, आणि त्याच हाताच्या बोटांनी तिचा पलीकडचा दंड काखेपाशी धरायचा. तेल लावलेलं अंग सुळकन निसटतं, म्हणून ही पकड शेवटपर्यंत सोडायची नाही. डोकं सगळ्यात शेवटी धू, ओल्या डोक्यातून बाळ लवकर गारठतं. पाच मिनिटांत उरकून टॉवेलात गुंडाळ. कानानाकात तेल नको, धुरीही नको. धुराने कोवळी छाती भरते. बाई कुरकुर करतील, त्यांना गोडीत सांग.

मनाली घरी आली की रात्र वाटून घ्या. दूध पाजणं तिचं. बाळाला उचलून आणणं, ढेकर काढणं, लंगोट बदलणं, उताणं निजवणं तुझं. दोघांनाही चोवीस तासांत निदान चार तास सलग झोप हवी, तुकड्यांची बेरीज तिची जागा घेत नाही. महिन्यानंतर दूध नीट येऊ लागलं की एका वेळचं काढून ताबडतोब फ्रिजमध्ये ठेवा, चार दिवस टिकतं. कोकणातल्या उकाड्यात बाहेर नको. भांडं गरम पाण्यात ठेवून कोमट करायचं आणि वाटी-चमच्याने पाजायचं. पहिली पाळी असेल तेव्हा रात्री आठ ते बारा बाळ तुझं. दुसऱ्या पाळीहून आलास की बारा ते तीन. रात्रपाळीच्या आठवड्यात सकाळी आल्यावर आधी खोलीत अंधार करून झोप, बाळ दुपारनंतर घे.

रडणं दुसऱ्या आठवड्यापासून वाढत जातं, सहाव्याच्या आसपास कळस गाठतं आणि तीन-चार महिन्यांत ओसरतं. पोट भरलेलं, लंगोट कोरडा, ताप नाही, तरी थांबत नाही आणि तुझा पारा चढला, तर तिला पाळण्यात उताणं ठेव आणि दहा मिनिटं अंगणात जा. चिडून गदागदा हलवायचं कधीच नाही. एवढ्याशा जिवाच्या मेंदूत रक्तस्राव होतो.

आता तुझ्याबद्दल. पुरुषाची उदासी रडण्यातून क्वचित दिसते. चिडचिड, गरज नसताना ओव्हरटाइम, बाळ झोपलेलं असूनही झोप न लागणं, रोजची बाटली, पोटाच्या नि छातीच्या तक्रारी, अशी ती बाहेर पडते. एडिनबर्ग प्रश्नावली म्हणून दहा प्रश्नांची एक चाचणी आहे, १९८७ सालची, आयांसाठी केलेली. गेल्या सात दिवसांचं विचारते, कमाल ३० गुण. बापांच्या बाबतीत कमी गुणांवरच सावध व्हावं लागतं, कारण तिच्यात रागाबद्दल प्रश्नच नाही. वर लिहिलेल्यातलं काही दोन आठवडे जवळजवळ रोज असेल तर डॉक्टर गाठ. 'मी नसलेलाच बरा' असं एकदा जरी मनात आलं, तर त्याच दिवशी मनालीला सांग आणि १४४१६ लाव. सरकारची टेलि-मानस सेवा आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतून. रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाच्या नावाला लोक बिचकतात, पण तिथे बाह्यरुग्ण विभाग आहे, तपासून औषध घेऊन घरी येता येतं.

आई-बाबांना हे पत्र वाचून दाखव. बाबा, त्याने लंगोट धुतले तर हसू नका. आई, फोनवर 'बाळ कसं आहे' विचारल्यावर 'तू कसा आहेस' हेही विचार, आणि तो 'बरा' म्हणाला की लगेच फोन ठेवू नकोस.

मनाली कधी परतणार ते ठरलं की तुझ्या पाळ्यांचं वेळापत्रक मला पाठव, रात्रीची वाटणी दोघांना धरून नीट बसवून देते.

तुझी,
ताई