बराक हे घराणे नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ‘एक आडनाव, अनेक कर्तबगार’ या पानावर इस्राएलच्या ‘बराक घराण्या’वर चौकट आली आहे. एहूद बराक पंतप्रधान आणि ‘त्यांचेच वडीलबंधू’ आहरोन बराक सरन्यायाधीश, असे त्यात म्हटले आहे. हे दोघे भाऊ नाहीत. चुलत, मावस, आते, कुठलेच नाहीत. खरे तर दोघेही जन्माने बराकच नाहीत.

एहूद यांचा जन्म 1942 चा, मिश्मार हाशारोन या किबुत्झमधला (म्हणजे सामुदायिक शेतवस्तीतला), आडनाव ब्रोग. 1959 साली ते लष्करात गेले आणि लष्करात असतानाच त्यांनी ते बदलून बराक केले. आहरोन हे लिथुआनियातल्या कौनासचे, जन्म 1936, मूळ आडनाव ब्रिक. नाझींच्या काळात कौनासच्या घेट्टोतून (ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीतून) या मुलाला गणवेशांच्या पोत्यात लपवून बाहेर काढले, पुढे एका शेतकरी कुटुंबाने आसरा दिला आणि 1947 मध्ये ते पॅलेस्टाइनला पोचले. एकाचे बालपण किबुत्झवर गेले, दुसऱ्याचे पोत्यात आणि भिंतीआड. नात्याचा धागा असलाच तर तो ‘ब्र’ या अक्षरापुरता.

त्या पिढीत अशी आडनावे बदलण्याची लाटच होती. युरोपातून आणलेले नाव टाकायचे आणि त्याच्या आवाजाच्या जवळचा एखादा हिब्रू शब्द उचलायचा. पुढे पंतप्रधान झालेल्यांचीच उदाहरणे घ्या: ग्र्यूनचे बेन-गुरियन झाले, श्कोल्निकचे एश्कोल (म्हणजे द्राक्षांचा घोस), पेर्स्कीचे पेरेस (हा एक गिधाडाचा प्रकार), मायरसनबाईंच्या मेइर झाल्या. बेन-गुरियन तर लष्करी अधिकाऱ्यांच्या मागेच लागत, नाव बदला म्हणून. आपल्याकडे दोन पाटील भेटले तर निदान ‘गाव कोणते?’ असे विचारून पाहता येते. इथे तोही मार्ग बंद, कारण नाव वाडवडिलांकडून आलेलेच नाही.

बराक म्हणजे वीज, आकाशात चमकते ती. ‘बराक-8’ या क्षेपणास्त्राच्या बातम्या आपण छापता, भारत आणि इस्राएलने मिळून ते तयार केले आहे. त्याचे नाव हेच. पहिला बराक बायबलमधला, शास्ते या पुस्तकातला. दबोरा ही संदेष्टी त्याला सांगते, दहा हजार माणसे घेऊन ताबोर डोंगरावर जा. तो म्हणतो, तू बरोबर येत असशील तर जातो, नाहीतर नाही. ती जाते, पण बजावते की या मोहिमेचा मान तुला मिळणार नाही, एका बाईला मिळेल. शत्रूचा सेनापती शेवटी तंबूच्या मेखेने एका बाईच्याच हातून मरतो. सेनानींनी हौसेने हे नाव का घ्यावे, हा प्रश्न मला नेहमी पडतो.

चौकटीत ओबामांनाही याच ‘कुळात’ बसवले आहे. मराठीत दोन्ही ‘बराक’च छापले जाते, त्याला इलाज नाही, पण हिब्रूत क दोन आहेत, कूफ आणि काफ. विजेतला क कूफ. ओबामांचे नाव अरबी-स्वाहिलीकडून आलेले, त्याचा अर्थ आशीर्वाद, आणि त्यातला क काफच्या घरातला. म्हणजे तत्त्वज्ञ बारूख स्पिनोझा, ईदमुबारकमधले मुबारक आणि आपली बरकत, ही ओबामांच्या नावाची भावंडे. एहूद आणि आहरोन यांची नव्हेत.

आता कबुलीची गोष्ट. मी एका दैनिकात (नाव नको) मुद्रितशोधक होतो. 6 सप्टेंबर 1999 रोजी इस्राएलच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की सुरक्षा यंत्रणेला संशयितांची चौकशी करताना गदागदा हलवणे, वेदना होतील अशा स्थितीत बांधून बसवणे, असले प्रकार करण्याचा अधिकार नाही. नऊ न्यायमूर्तींचे पीठ, अध्यक्ष आहरोन बराक. त्या वेळी पंतप्रधान एहूद बराक, आणि ती यंत्रणा पंतप्रधानांच्या हाताखालची. थोडक्यात, एका बराकने दुसऱ्या बराकच्या सरकारला रोखले. आमच्या मथळ्यात मात्र ‘बराक यांची छळाला बंदी’ आणि शेजारी पंतप्रधानांचा हसरा फोटो! प्रूफ माझ्या टेबलावरून गेले. मी मजकुरातल्या तीन वेलांट्या सुधारल्या आणि फोटोकडे पाहिलेसुद्धा नाही. ते कात्रण अजून माझ्याकडे आहे, कडेला माझ्याच लाल शाईत ‘कोण बराक?’ असे लिहिलेले. दुसऱ्या दिवशी लिहिले, अर्थात.

तेव्हापासून या दोघांवर माझा डोळा आहे. गोंधळ होण्यासारखे आहेही खूप. 1978 च्या कॅम्प डेव्हिडच्या (अमेरिकेतल्या) शांतता वाटाघाटींना तेव्हाचे पंतप्रधान बेगिन यांच्याबरोबर कायद्याचे सल्लागार म्हणून आहरोन होते. 2000 च्या कॅम्प डेव्हिडला क्लिंटन आणि अराफात यांच्यासमोर एहूद. पहिल्यातून करार निघाला, दुसऱ्यातून नाही. आणि जानेवारी 2024 मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दक्षिण आफ्रिकेने गाझावरून इस्राएलविरुद्ध भरलेल्या खटल्यात इस्राएलने तात्पुरते न्यायाधीश म्हणून पाठवले ते आहरोनच, वयाच्या 87 व्या वर्षी. तिथे त्यांनी बहुतेक आदेशांना विरोध केला, पण चिथावणी रोखणे आणि गाझात मदत पोचू देणे या दोन आदेशांच्या बाजूने मत दिले. ही बातमी ‘माजी पंतप्रधान बराक’ या नावावर कुठे खपली असेल, तर मला आश्चर्य वाटणार नाही.

विनंती एवढीच, बातमीत नुसते ‘बराक’ लिहू नका. ‘न्या. बराक’ हेही पुरत नाही. त्याच न्यायालयात 2012 पासून दाफ्ने बराक-एरेझ याही न्यायाधीश आहेत. पूर्ण नाव छापायला फार तर अर्धी ओळ जास्त लागेल.

आपला,
एक निवृत्त मुद्रितशोधक

ता. क. : त्याच पानावर शिमॉन पेरेस आणि आमिर पेरेत्झ यांना बापलेक केले आहे. ती आडनावेही वेगळी आहेत, हिब्रूत शेवटचे अक्षरच निराळे. आमिर यांचा जन्म मोरोक्कोचा, शिमॉन पोलंडमधले. 2005 साली मजूर पक्षाच्या नेतेपदाच्या निवडणुकीत या ‘मुला’ने त्या ‘बापा’ला हरवले होते.