तळ्याकाठच्या कोळ्यांना जागा हवी

महोदय,

सोसायट्यांच्या बागांत कमळांची छोटी तळी आता सर्रास दिसतात, परंतु गुळगुळीत फरशीचे काठ आणि कीटकनाशकांची फवारणी यांमुळे तिथे पाणकाठचे आठ पायांचे कोळी टिकत नाहीत, याची खंत वाटते. पुढचे पाय पाण्यावर टेकवून बसलेला पिसॉरिडी कुळातील कोळी तरंगांवरून भक्ष्य ओळखतो आणि धोका जाणवताच अंगावरील केसांत हवेचा थर धरून पाण्याखाली दडतो. मादी तर अंड्यांची पिशवी जबड्यांत धरून वावरते. काठाला उतार, चार दगड, लव्हाळ्याची दाटी आणि थोडा पालापाचोळा असला, तर ते आपणहून येऊ शकतात. मुद्दाम पकडून आणू नयेत. महापालिकांच्या उद्यान विभागांनीही नव्या तळ्यांचा निदान एक काठ मातीचा ठेवावा, ही कळकळीची विनंती.

— एक वाचक, पुणे